सहा मिनिटं चाळीस सेकंद

कुपी आली तेव्हा परभणीत बेचाळीस होतं.
थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या, कधीच्या पाणी झालेल्या,
आणि मध्ये, कापसात, करंगळीच्या पेराएवढी काच.
मुनीरभाईनं डबा टेबलावर ठेवला, बिल पाहिलं, म्हणाला,
अत्तर आहे का, मॅडम?

दहा मिलिग्रॅम ॲट्राझीन.
मोंढ्यात किलोनं मिळतं, खताच्या पोत्यांना टेकून.
पण ते चालत नाही,
त्यात आणखी काय मिसळलंय ते दुकानदारालाही ठाऊक नसतं.
हे निव्वळ तेच. सोबत दाखला:
शुद्धता नव्व्याण्णव पूर्णांक एक, अधिक-उणे अर्धा,
मुदत, सही, उणे वीसमध्ये ठेवा.
आमच्याकडं दुपारी दोन ते पाच लाईट नसते.
मी फ्रीजरवर जुनी गोधडी टाकते.
हे दाखल्यात कुठं लिहायचं, माहीत नाही.

मग विरळ करणं.
दहा मिलिग्रॅम शंभर मिलीत,
त्यातलं एक मिली पुन्हा शंभरात,
त्यातलं एक पुन्हा शंभरात.
शेवटी फ्लास्कमध्ये जे उरतं
ते दिसत नाही, त्याला वास नाही,
ते फक्त वहीत असतं, निळ्या शाईत, तारखेसह.
पाच ठिपके, त्यांच्यातून एक रेघ.
रेघ सरळ आली की मशीनला सांगता येतं:
हा असा असतो. आता ओळख.

नमुना दुधनेकाठच्या एका गावचा.
नाव फॉर्मवर आहे, इथं लिहीत नाही.
शाळेच्या हातपंपाचं पाणी कच्छवे गुरुजी
कोल्ड्रिंकच्या बाटलीत घेऊन आले.
मी म्हटलं, काचेची लागते, गडद.
दुसऱ्या दिवशी ते खोकल्याच्या औषधाच्या सात बाटल्या
उकळून, धुऊन, भरून पुन्हा हजर.

नवव्या मिनिटाला ॲट्राझीन यायला हवं होतं.
आलं नाही.
पण त्याच्या आधी, सहा मिनिटं चाळीस सेकंदांवर,
सपाट रेघेत एक टेकाड.
पुन्हा चालवलं. पुन्हा तिथंच.
सातही बाटल्यांत तिथंच.

मला वाटतं, काय आहे ते.
मातीत मुरताना ते तुटतं, एक टोक गळून पडतं,
आणि उरलेलं वेगळ्या नावानं खाली जातं.
वाटतं.
पण त्या नावाची कुपी आमच्याकडं नाही.
मागणीपत्र फेब्रुवारीपासून टेबलावर आहे, कुणाच्या ते विचारू नका.
कुपी नाही तर नाव नाही,
नाव नाही तर रकाना नाही,
आणि अहवालात छापून येतं: आढळले नाही.

रात्री मायला सांगितलं.
वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला गेली,
फवारा आला तसं खुरपं भिंतीला लागलं.
नीट ऐकून घेतलं तिनं.
"म्हंजी वळखीचं न्हाई म्हून न्हाईच म्हणायचं व्हय?"
मग बोटांवर मोजू लागली
केना, कुर्डू, घोळ, पाथरी, तांदुळजा,
दुधी, लव्हाळा, आघाडा,
दोन पानांवर असतानाच ओळखायची ती.
आणि एक तांबड्या देठाचं होतं,
त्याचं नाव तिच्या मायलाही ठाऊक नव्हतं.
"ते कुठं टाकायचीस?"
"बांधावर. येगळं. कुणीतरी सांगंल म्हून."

सकाळी अहवाल छापला, नियमात बसतो तसा.
मग पेनानं, समासात, जिथं लिहायची परवानगी नसते:
६.४० ला काहीतरी आहे.
खाली सही केली.
सातवी बाटली थोडी ओतून, फुटू नये म्हणून,
फ्रीजरमध्ये ठेवली, कुपीला लागून.

गुरुजींचा फोन आला. पोरांनी प्यावं का?
मी म्हटलं, तूर्त दुसरीकडचं आणा.
दुसरीकडचं तपासलंय का, त्यांनी विचारलं.